त्यो भूत होइन

आमच्या बागेतल्या मांगरात गेली एकोणीस वर्षं एक नेपाळी कुटुंब येऊन राहतं. दिवाळी आटपली की ती माणसं येतात. मोहोराची फवारणी, वानरं हाकणं, रात्रीची राखण, मग काढणी, पेट्या भरणं, आणि मिरगाचा पाऊस पडायच्या आत परत आपल्या डोंगरात. देवगडात आता बहुतेक मोठ्या बागांत असं एखादं घर असतं. गाव त्या सगळ्यांना सरसकट ‘गुरखा’ म्हणतं. हा शब्द नेपाळातल्या गोरखा या गावावरून आला. आमचे दाजू अछामचे, म्हणजे पार पश्चिमेकडच्या डोंगरातले. गोरखा त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. हे मला कळलं तेव्हा मी सातवीत होते. त्या दिवसापासून मी त्यांना दाजू म्हणायला लागले. दाजू म्हणजे थोरला भाऊ. ते मला बहिनी म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण.

थंडीच्या दिवसांत मांगराच्या खळ्यात शेकोटी पेटायची. अण्णा रात्री बागेत एक फेरी मारायला जायचे, मी त्यांच्या मागून. बोलणं हिंदी, मालवणी आणि नेपाळीची मोट बांधून चालायचं. एका रात्री मी विचारलं, “दाजू, तुमच्यात भुताक काय म्हणतत?”

“भूत,” दाजू म्हणाले.

माझा विरसच झाला. मला वाटलं होतं, एवढ्या लांबच्या, एवढ्या उंचावरच्या भुताला काही वेगळं नाव असेल. थंडीचं, बर्फाचं, ऐकूनच अंगावर काटा येईल असं. निघालं आपलंच भूत. तेच अक्षर, तोच ऊकार.

पण त्या एका शब्दाच्या आत किती माणसं दाटीवाटीनं राहतात, ते मग पुढची कितीतरी वर्षं त्या शेकोटीशी बसून कळत गेलं. आमच्याकडे देवचार, आवगत, मुंजो, समंध, गिरा. त्यांच्याकडे मसान, मुर्कट्टा, किचकन्या, राँके भूत. मसान हा स्मशानातला. आपण रागानं ‘मसणात जा’ म्हणतो, तेच ते मसण. त्यांनी जागेचं नाव तिथं राहणाऱ्याला देऊन टाकलं. मुर्कट्ट्याला मुंडकं नसतं, डोळे छातीवर असतात. लढाईत किंवा अपघातात ज्याचं शिर धडावेगळं झालं, तो असा हिंडतो. राँको म्हणजे मशाल. दलदलीच्या कडेला, ओढ्याच्या पलीकडे रात्री एक दिवटी हलताना दिसते, तिच्या मागे गेलेला माणूस वाट चुकतो, तो राँके भूत. हे ऐकल्यावर अण्णांनी वेताळाच्या फेऱ्यातल्या दिवट्यांची गोष्ट सांगितली आणि दाजूंनी मान डोलावली, जणू दोघांनी एकच डोंगर दोन बाजूंनी पाहिला होता.

किचकन्येची गोष्ट दाजूंच्या बायकोनं, दिदीनं सांगितली. पांढरी साडी, मोकळे केस, पावलं उलटी. घाटात रात्री गाडीला हात दाखवते. इथवर आम्हालाही सगळं पाठ होतं. हडळीची पावलं उलटी असतात हे कोकणातल्या पोराला बाराखडीच्या आधी कळतं. पण दिदी पुढे जे म्हणाली ते आमच्याकडे कुणी सांगितलं नव्हतं. चितेत एखादं हाड जळायचं राहून गेलं तर त्या हाडाशी ती बाई बांधलेली राहते. ते एवढंसं हाड सापडलं नाही तोवर तिची सुटका नाही. दिदीनं अंगठा आणि तर्जनी जवळ आणून ते हाड केवढं ते दाखवलं. तांदळाच्या चार दाण्यांएवढं. मला त्या रात्री भीती वाटली नाही. वाईट वाटलं.

शब्दांची मला पहिल्यापासून ओढ, त्यामुळे गोष्टींपेक्षा त्यांच्या मधली बोली मी जास्त टिपून ठेवली. नेपाळीत भूत ‘लाग्छ’. आपल्याकडेही भूत लागतंच. करत नाही, चावत नाही, लागतं. ऊन लागावं, भूक लागावी तसं. ‘लागीर’ या आपल्या शब्दाचं मूळ तेच. अंगात देव आला की आपण ‘वारं आलं’ म्हणतो. नेपाळच्या डोंगरात अकाली मेलेल्या माणसाला ‘वायु’ म्हणतात, बोलताना त्याचा ‘बायु’ होतो. घरातलं कुणी कड्यावरून पडलं, बाळंतपणात गेलं, पाण्यात वाहून गेलं, तर त्याचा वायु होतो, आणि मग घरचे त्याला जागा देतात. एक दगड, छोटंसं थान, वर्षातून एकदा पूजा. आमच्या देव्हाऱ्यातला वीराचा टाक मी लहानपणापासून पाहत होते. तो आमच्याच घरातला कुणीतरी अकाली गेलेला मुलगा आहे, हे मी आजीला पहिल्यांदा विचारलं ते दाजूंच्या वायुमुळे.

आणि ‘सातो’. या शब्दाला मराठीत जोड नाही, याची मला खंत वाटते. मूल दचकलं, पडलं, कुणी अंधारात भ्यायलं की त्याचा सातो जातो. सातो म्हणजे जिवाचाच एक अंश. तो जिथं घाबरला तिथंच मागे राहतो. शरीर घरी येतं, जेवतं, पण नीट झोपत नाही, डोळे विझलेले राहतात. मग धामी किंवा झाँक्री, म्हणजे तिकडचा भगत, येऊन सातो परत बोलावतो, मुलाचं नाव घेऊन, लांबवर हाक घालून. आपण ‘धसका घेतला’ म्हणतो आणि अंगारा लावतो. पण धसका घेतलेल्या माणसाला त्याच्या नावानं परत हाक मारायची, ही कल्पना किती मायेची आहे! वर दिदी त्यातलीच एक म्हण सांगायची: ‘वनको बाघले खाओस् नखाओस्, मनको बाघले खान्छ.’ वनातला वाघ खावो न खावो, मनातला वाघ खातो. अण्णांनी लगेच भित्यापाठचा ब्रह्मराक्षस काढला.

व्याकरणात भूत म्हणजे झालेलं, होऊन गेलेलं. नेपाळीत आणि मराठीतही. आपण सैन्यातून निवृत्त झालेल्याला माजी सैनिक म्हणतो, ते भूतपूर्व म्हणतात, आणि बोलताना नुसतं ‘भूपू’. दाजूंचे एक काका भारताच्या गोरखा पलटणीत होते, ते भूपू. होते, गेले, तरी त्यांच्या नावाआधी ते भूत अजून चालतंय. जुन्या संस्कृत कोशांत तर भूत हा यक्ष-गंधर्वांच्या पंगतीला बसलेला आहे, देवयोनींतला एक. आणि ज्याच्यात जीव आहे ते सगळं भूतच, म्हणून तर भूतदया. जो आहे तोही भूत आणि जो होऊन गेला तोही. मधली रेघ भाषेनं काढलीच नाही.

ही रेघ माणसं काढतात. ती कुठे काढतात, ते मला आठ वर्षांपूर्वी दिसलं.

दाजूंचा धाकटा भाऊ दोन हंगाम आमच्या बागेत होता, मग जास्त पैसे मिळतात म्हणून ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला. चोवीस वर्षांचा. डोंगरातला पोरगा, पोहता येत नव्हतं. नोव्हेंबरातल्या एका पहाटे जाळं ओढताना तोल गेला आणि तो समुद्रात पडला. साथीदारांनी त्याला दोनदा वर आलेला पाहिला. तिसऱ्यांदा नाही. तीन दिवस शोध झाला. पंचनामा झाला. ट्रॉलरचा मालक दोनदा मांगरात आला आणि मग यायचा बंद झाला. मृतदेह नाही म्हणून दाखला नाही. सात वर्षं ठावठिकाणा लागला नाही तर मेला असं धरता येतं, असं कुणीतरी कायद्याचं सांगून गेलं. सात वर्षं. घरी म्हातारी आई, आणि एक बहीण, जिनं तीन आठवड्यांपूर्वीच त्याला भाइटीका, म्हणजे त्यांच्याकडची भाऊबीज, केली होती.

महिनाभरात बंदरावर बोलणं सुरू झालं. खाडीच्या तोंडाशी रात्री कुणीतरी हाका मारतं. कुणाला डोकं दिसलं, कुणाला हात. कोकणात पाण्यात बुडून मेलेल्याचा गिरा होतो. तो ओळखीच्या आवाजात हाक मारतो आणि पाण्यात ओढतो. “तो गुरखो गिरो झालोसा,” असं दुकानावर चाललेलं बोलणं दाजूंच्या कानावर गेलं. माल घेऊन ते तसेच मागे वळले नाहीत. सामानाची पिशवी त्यांनी बाकड्यावर ठेवली. मी तिथेच उभी होते. हिंदी नाही, मालवणी नाही, ते सरळ आपल्या भाषेत म्हणाले:

“त्यो भूत होइन. मेरो भाइ हो.”

तो भूत नाही. माझा भाऊ आहे. दुकानात कुणाला हे भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

त्या वाक्याचा मी त्यानंतर फार विचार केला आहे. कुणी कधी आपल्या आजीला भूत म्हटलेलं ऐकलंय? ती स्वप्नात येते, तिच्या खोलीत रात्री खुडबुड होते, पानाला कावळा शिवत नाही, तरी ती आजीच असते. आपला मेलेला तो पितर, वीर, वायु. भूत नेहमी दुसऱ्याचं असतं. ज्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही, ज्याच्या नावानं कुणी पिंड ठेवत नाही, जो आपल्या गावात परका होता, तो मेला की भूत होतो. गिरा, मुर्कट्टा, किचकन्या, सगळ्यांच्या गोष्टीत एवढं एक सारखं आहे: त्यांचं घर कुठलं ते गोष्ट सांगणाऱ्याला माहीत नसतं.

अण्णा दुसऱ्या दिवशी गावच्या भटजींकडे गेले. शरीर सापडलं नाही तर शास्त्रात त्याचा विधी आहे; पळसाच्या ३६० देठांचा माणूस करायचा, किंवा दर्भाचा, आणि त्याला अग्नी द्यायचा. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते, पण इथं बुडताना पाहणारे होते. दाजूंना हे सांगावं लागलं नाही. नेपाळात त्याला कुशको पुतली म्हणतात. घरापासून लांब, खाणीत, हिमकड्याखाली, परमुलखात माणसं मरतात त्या देशाला हा विधी नीट ठाऊक आहे. आखातातून आणि मलेशियातून काठमांडूच्या विमानतळावर दिवसाला सरासरी दोन-तीन शवपेट्या उतरतात. नेपाळीत त्यांना ‘रातो बाकस’ म्हणतात, लाल पेटी. दाजू म्हणाले, त्यांच्या गावात दोन लाल पेट्या आल्या आहेत. निदान पेटी तरी आली.

पुतळा त्यांनी मांगराच्या पडवीत केला. दर्भ अण्णांनी आणून दिला होता. दाजूंचे हात पेंढ्या बांधायला सरावलेले. डोकं, धड, हात, पाय, सगळं त्यांनी न बोलता बांधलं. दोरी दातांनी ओढून गाठ मारायचे. मग दिदीनं भावाची पत्र्याची ट्रंक उघडली. बोटीवरून आलेली. दोन पँटी, एक मोबाइलचा चार्जर, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली मखमलीची माळ. भाइटीकेला बहीण भावाच्या भोवती तेलाची रेघ ओढते, दारात अक्रोड फोडते, आणि मखमलीच्या फुलांची माळ घालते, कारण ते फूल खुडल्यावरही कोमेजत नाही. गोल, जांभळी, कागदासारखी कोरडी फुलं. इतक्या आठवड्यांनंतरही रंग तसाच होता. दिदीनं ती माळ पुतळ्याच्या गळ्यात घातली, मान जरा बारीक झाली होती म्हणून दोन वेढे दिले. खाडीच्या काठावर दाजूंनी अग्नी दिला. गावातली अकरा माणसं आली होती. दुकानातले दोघेही.

पुढे तेरा दिवस दाजू किरियेला बसले, मांगराच्या एका कोपऱ्यात, पांढऱ्या कपड्यात, स्वतःच्या हातानं शिजवून एकदा जेवत. मग वर्षभर पांढरं. आंब्याच्या बागेत, हिरव्याच्या मधोमध, ते पांढरं लांबूनही दिसायचं.

दोन वर्षांपूर्वी आषाढात मला कामासाठी तीन आठवडे पाटणला, काठमांडूच्या शेजारच्या शहरात राहायला मिळालं. तिथला समाज नेवार, भाषा नेपाळभाषा, नेपाळीहून निराळी, अछामपासून फार वेगळं जग. पण मी गेले ती डोक्यात दाजूंचं वाक्य घेऊन, आणि नशिबानं गेल्या गेल्या गठेमंगल आला. आषाढ वद्य चतुर्दशी. त्यांच्या पौर्णिमान्त पंचांगात ती श्रावण कृष्ण चतुर्दशी. म्हणजे आमच्याकडे दिव्यांच्या अवसेचा आदला दिवस. भाताची लावणी उरकलेली. आई देवगडला समया घासायला काढत असेल त्या दिवशी इथं चौकाचौकात उंच दांड्यांचा राक्षस उभा होता: तीन जुड्या वर एकत्र बांधलेल्या, खाली फाकलेल्या, अंगावर पाला, वर रंगवलेला चेहरा. हा घंटाकर्ण. विष्णूचं नाव कानी पडू नये म्हणून यानं कानांत घंटा बांधल्या होत्या. मग एका बेडकानं त्याला चिथवून चिखलात नेलं आणि तिथं तो रुतून मेला. लावणीच्या चिखलातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसांनी रचलेली ही गोष्ट आहे, हे कुणी सांगायला नको. पोरं रस्त्यावर दोरी आडवी धरून येणाऱ्या-जाणाऱ्याकडून पैसे मागत होती. संध्याकाळी सगळ्यांनी आरडाओरडा करत तो राक्षस नदीकडे ओढत नेला आणि त्या रात्री गल्ली सामसूम झाली.

मी राहत होते त्या घरच्या मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या, सगळे त्यांना अजि म्हणत. अजि म्हणजे आजी. त्यांनी उंबऱ्याला लोखंडी खिळा मारून घेतला आणि माझ्या बोटात एक लोखंडी अंगठी घातली. मी विचारलं, ख्याक तुमच्या घरात आहेत का? ख्याक हे नेवारांचं घरातलं भूत, केसाळ, माळ्यावरच्या अंधारात राहणारं. काळा वाईट, पांढरा घरात बरकत आणणारा. अजिंनी वर, जिन्याच्या दिशेनं पाहिलं. “बिजुली आयो, ख्याक गयो,” त्या म्हणाल्या. वीज आली आणि ख्याक गेला. त्यांच्या आवाजात सुटका नव्हती. घरातलं कुणीतरी शहर सोडून गेल्यावर म्हातारी माणसं जसं सांगतात तसं त्यांनी ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात एका सपाट दगडापाशी मला जुनी साडी, चादर, एक उशी पडलेली दिसली. मी ती ओलांडून जाणार तोच अजिंच्या सुनेनं माझं मनगट धरलं. तो छ्वास. घरात कुणी मेलं की त्याचे कपडे या दगडावर आणून टाकायचे. आणि घरात मूल झालं की त्याची नाळही याच दगडावर. मी तिला पुन्हा विचारलं, कारण मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. नाही, तोच दगड. प्रत्येक वस्तीचा एक. येणाऱ्याचं आणि जाणाऱ्याचं जे उरतं ते एकाच ठिकाणी, भर रस्त्यात, भाजीवालीच्या टोपलीपासून दोन हातांवर. त्या शहरात मेलेल्यांना लपवलेलं नाही. त्यांचा पत्ता सगळ्यांना माहीत असतो.

मी निघायच्या आधी राखीपौर्णिमा झाली, आणि तिच्या दुसऱ्या दिवशी गाईजात्रा. वर्षभरात ज्यांच्या घरात माणूस गेलं ते सगळे त्या दिवशी रस्त्यावर येतात. पुढे गाय, किंवा गाईचं सोंग घेतलेलं मूल, गालावर काढलेल्या मिशा, हातात गेलेल्याचा फोटो. वाटेवरचे लोक त्यांना दूध, फळं, मिठाई देतात. सांगतात की प्रताप मल्ल राजाचा मुलगा चक्रवर्तेंद्र गेला तेव्हा राणी अन्नाला शिवेना. राजानं दवंडी दिली, ज्याच्या घरात मृत्यू झालाय त्यानं राजवाड्यासमोरून मिरवत जावं. राणीनं खिडकीतून पाहिलं: माणसं संपेनात. त्याच मुलाच्या आठवणीत राजानं १६७० मध्ये तलाव बांधला, तो काठमांडूतला रानीपोखरी. त्या तलावात किचकन्या असते असं जुने लोक म्हणत. २०१५ च्या भूकंपात, ज्यात नेपाळात जवळपास नऊ हजार माणसं गेली, त्याचंही देऊळ मोडलं; २०२० मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. तलावाच्या मधल्या शिवमंदिराचं दार पूर्वापार वर्षातून एका दिवशी उघडत आलं आहे: भाइटीकेला. ज्याला बहीण नाही, जिला भाऊ नाही, त्यांनी तिथं यायचं. तलावाच्या कठड्याला धरून उभी असताना मला अछामची ती बहीण आठवली, जिला मी कधी पाहिलेलं नाही. अछाम इथून फार लांब आहे.

तो रस्त्यावरचा मोठा घोळका बघताना मला राहून राहून वाटत होतं: ज्यांचा माणूस मेला आहे की नाही हेच ठाऊक नाही, त्यांनी गाय कुणाच्या नावानं काढायची? १९९६ ते २००६ या दहा वर्षांच्या सशस्त्र संघर्षात नेपाळात तेराशेच्या वर माणसं नाहीशी झाली, ती अजून सापडलेली नाहीत. काहींना लष्करानं उचललं, काहींना माओवाद्यांनी. २०१५ मध्ये त्यासाठी आयोग नेमला गेला. त्याच्या नावात ‘बेपत्ता पारिएका व्यक्ति’ असे शब्द आहेत. मराठीत आपण ‘बेपत्ता झालेले’ म्हणतो, जणू ते आपले आपण झाले. नेपाळीतलं क्रियापद तसं करू देत नाही. बेपत्ता *केले गेलेले*, असा त्याचा अर्थ. व्याकरणानं इथं रेघ काढली आहे आणि ती अगदी योग्य जागी काढली आहे. त्या घरांतल्या बायकांना कुंकू पुसावं की ठेवावं हे कळत नाही. कुशाचा पुतळा केला तर आपणच त्याला मारलं असं वाटतं, आणि नाही केला तर तो थंडीवाऱ्यात हिंडत राहिला असं वाटतं. यात भुताखेतावर विश्वास असण्या-नसण्याचा प्रश्नच येत नाही. दाजूंना निदान दोन साक्षीदार होते.

एक गोष्ट मला इथं सांगितलीच पाहिजे, कारण भुतांबद्दल एवढ्या मायेनं लिहिताना ती गाळली तर खोटं होईल. भीतीला माणूस लागतो, आणि ती तो शोधून काढते. नेपाळीत त्या शोधून काढलेल्या बाईला ‘बोक्सी’ म्हणतात. बहुतेक वेळा ती गरीब असते, दलित असते, विधवा असते, तिच्या बाजूनं बोलायला घरात कुणी नसतं. तिला मारतात, विष्ठा खायला लावतात. नेपाळनं २०७२ साली, म्हणजे आपल्या २०१५ मध्ये, बोक्सीच्या आरोपाविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्याच्या दोन वर्षं आधी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यावर. आपल्या गावातही बाईला चेटकीण ठरवणारी माणसं आहेत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. परक्या मेलेल्याला भूत करणारी जीभ आणि शेजारच्या जित्या बाईला बोक्सी करणारी जीभ एकच. दोन्ही वेळा समोरच्याचं नाव आणि घर आधी पुसून टाकावं लागतं.

मी परत आले त्या वर्षी दिवाळीनंतर दाजू आले ते एक गोष्ट विचारायचं ठरवूनच. सात वर्षं होत आली होती. दाखल्याचं काम अण्णा बघत होते, पण विचारायचं होतं ते हे नव्हतं. गावाकडे आईनं भावाचं थान घातलं होतं, घराच्या मागे. पण धामी म्हणाला, तो मेला तिथेही त्याला जागा द्या, नाहीतर तो दोन ठिकाणांच्या मध्ये राहील. दाजूंनी अण्णांना विचारलं, बागेच्या हद्दीवर एक दगड ठेवू का?

आमच्या बागेच्या खालच्या अंगाला, खाडी दिसते तिथं, कुंब्याच्या झाडाखाली राखणदार आहे. शेंदूर नाही, मूर्ती नाही, एक उभा दगड. आंब्याला मोहोर धरायच्या आधी त्याला राखण द्यायची, हे माझ्या पणजोबांच्या आधीपासून चालत आलंय. अण्णांनी दाजूंचं ऐकून घेतलं, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं ते नाही म्हणतील. राखणदाराच्या शेजारी कुणाला बसवायचं ही लहान गोष्ट नाही.

मग त्यांनी विचारलं, “त्येका काय आवडायचा?”

“चिया,” दाजू म्हणाले. “साखर धेरै.” चहा. साखर भरपूर.

राखण दिली त्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे खाली गेलो. दाजूंनी खाडीतून आणलेला एक काळा, गुळगुळीत दगड राखणदारापासून दोन हातांवर बसवला होता. अण्णांनी नारळ फोडला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्याचे शब्द ठरलेले असतात, पण मध्येच ते थांबले, घसा साफ केला, आणि मग मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेली ओळ ऐकली.

“बा देवा राखणदारा म्हाराजा, हो झील लांबसून इलेलो हा. ह्येचा हयसर कोण नाय असा कोणी म्हणा नये. आमी आसव. ह्येका सांभाळून घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” दाजू म्हणाले. इतक्या वर्षांत ते कुठं म्हणायचं ते त्यांना कळलं होतं. दिदीनंही म्हटलं, जरा मागून.

मग दिदीनं स्टीलचा पेला पुढे केला. झाकण काढल्यावर वाफ वर आली. पेला तिनं त्या काळ्या दगडाच्या पुढ्यात ठेवला, थोडा डगमगला म्हणून खाली एक पातळ चीप सरकवली. खाडीवर उजेड कमी होत होता. ट्रॉलर एकामागून एक बाहेर निघाले होते, त्यांचे दिवे लागत होते.

चहा गार होईस्तोवर आमच्यातलं कुणी उठलं नाही.